टाक्यांकडे सगळे बघतील, तू श्वासाकडे बघ

अगं, तारीख ठरली हे फार बरं झालं. पित्ताशयातले खडे घेऊन किती दिवस काढणार होतीस? लग्नाच्या पंगतीत दोन भजी खाल्ली की रात्रभर उजव्या बरगडीखाली कळा, आणि सकाळी उठून पुन्हा सगळ्यांचे डबे. एकदाचं मोकळं व्हायचं ठरवलंस ते चांगलंच केलंस. दुर्बिणीतून ऑपरेशन आहे, चार बारीक छेद, एक-दोन दिवसांत घरी, हे तुला सगळ्यांनी सांगितलं असेल. ते खरंच आहे. मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी केली. या ऑपरेशनच्या बहुतेक बायका आपल्या पायांनी चालत, डब्यातला मऊ भात खाऊन, हसतमुखाने घरी गेलेल्या मी बघितल्या आहेत. तेव्हा तुला घाबरवायचं माझ्या मनात नाही.

पण एक गोष्ट तुझ्या कानावर घालायचीच आहे. घरी आलीस की जो भेटायला येईल तो टाक्यांची चौकशी करील. किती टाके पडले, दुखतात का, पाणी लागू देऊ नकोस, सगळं सांगतील. जिना चढताना दम लागतो का, खोल श्वास घेता येतो का, हे कोणी विचारणार नाही. या ऑपरेशननंतर श्वासाचा गंभीर त्रास क्वचितच होतो. ज्या मोजक्या जणींना होतो, त्यांचा मोलाचा वेळ मात्र पुष्कळदा एकाच वाक्यात जातो: ‘काही नाही, पोटात भरलेला गॅस आहे, उतरेल.’ गॅसमुळे काय होतं आणि कशाला गॅसच्या नावावर खपवायचं नाही, एवढं तुला नीट कळलं की माझं काम झालं.

आधी पोटात काय करतात ते समजून घे. दुर्बीण आत घातली तरी आतडी, यकृत, पोटाची भिंत सगळं एकमेकांना चिकटून असतं, हत्यारं फिरवायला जागा नसते. म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही आणि रक्तात चटकन विरघळतो. विरघळलेला वायू फुप्फुसात येतो आणि आपण तो उच्छ्वासातून बाहेर टाकतो. साधी हवा भरली आणि तिचा बुडबुडा रक्तवाहिनीत शिरला, तर तो सहजी विरघळत नाही. वायूचा दाब यंत्रावर साधारण पाऱ्याच्या 12 ते 15 मिलिमीटरइतका ठेवतात आणि काम संपलं की झडपा उघडून तो बाहेर सोडतात. आपल्याकडे दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केलं. त्याआधी याच कामासाठी बरगडीखाली वीतभर चीर असायची आणि बायका कितीतरी दिवस खोकायलासुद्धा भ्यायच्या. दुर्बिणीमुळे श्वासाचे त्रास एकूण कमीच झाले, हेही ध्यानात ठेव.

आता गॅसचं खरं दुखणं कोणतं ते सांगते. पोट फुगलं की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, आपण ज्याला श्वासपटल म्हणतो, तो वर ढकलला जातो आणि ताणला जातो. थोडा वायू मागे राहतो, तो त्या पडद्याखाली जाऊन बसतो. या पडद्याची नस मानेतून येते आणि मेंदूला ते दुखणं खांद्यातलं वाटतं. म्हणून पोटाचं ऑपरेशन झालेली बाई दुसऱ्या दिवशी खांदा धरून बसते. हे दुखणं बहुधा उजव्या खांद्यात असतं, उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की हलकं वाटतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. थोडं चाललं, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घेतली की भागतं. एवढं दुखणं गॅसच्या खात्यात खुशाल टाक. पण धाप लागणं, छातीत एका जागी श्वासासरशी टोचणं, छातीत धडधडणं, ओठ काळेनिळे दिसणं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणं, यांतलं काहीही त्या खात्यात टाकायचं नाही.

सगळ्यात जास्त आढळणारा त्रास मात्र फुप्फुसाच्या तळाशी होतो. भूल दिलेली असताना श्वास उथळ चालतो, वरून पडदाही वर सरकलेला. त्यामुळे फुप्फुसाच्या खालच्या भागातले हवेचे बारीक कप्पे मिटतात. शुद्धीवर आल्यावर पोट दुखतं म्हणून बाई वरवरचा श्वास घेते, खोकला दाबते, कुशीवर वळत नाही. मिटलेले कप्पे मिटलेलेच राहतात, त्यांत कफ साचतो आणि पुढे ताप येऊन न्यूमोनियापर्यंत गोष्ट जाऊ शकते. यावरचा उपाय सर्वस्वी तुझ्या हातात आहे.

तुला तीन बॉलचं यंत्र देतील, प्लास्टिकचं, तीन नळकांड्यांत एकेक रंगीत बॉल. त्यावर 600, 900, 1200 असे आकडे असतात. आता नीट ऐक, कारण वॉर्डात निम्म्या बायका इथेच चुकतात. त्यात फुंकर मारायची नसते, हवा आत ओढायची असते. आधी संपूर्ण उच्छ्वास सोड, नळी ओठांत घट्ट धर आणि सावकाश आत ओढ. जोरात एक हिसका देऊन तिन्ही बॉल टणकन वर नेले तर नातेवाईक टाळ्या वाजवतील, पण फुप्फुसाला काही मिळत नाही. एक किंवा दोन बॉल वर गेले तरी चालतील, ते दोन-तीन सेकंद वर तरंगत राहायला हवेत. मग नळी तोंडातून काढ, श्वास सोड, जरा थांब, पुन्हा घे. जागी असताना दर तासाला साधारण दहा वेळा. घाईघाईने ओळीने केलंस तर गरगरेल. यंत्र हरवलं किंवा दिलंच नाही तरी अडत नाही. नाकाने खोल श्वास, क्षणभर धरायचा, तोंडाने सोडायचा. आणि दर वेळी शेवटी एकदा खोकायचं. खोकताना छोटी उशी पोटावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धर, टाक्यांवर ताण येत नाही. टाके तुटतील या भीतीने खोकला गिळू नकोस.

गोळ्यांचंही तसंच. ‘पेनकिलर कशाला, किडनीवर परिणाम होतो’ असं सांगणारी एखादी मावशी भेटेलच. डॉक्टरांनी तुझी प्रकृती बघून, मोजून गोळ्या दिलेल्या असतात. त्या नाही घेतल्यास तर दुखेल, दुखलं की श्वास उथळ होईल आणि उथळ श्वासातून पुढचं सगळं सुरू होईल. पोटाला पट्टा बांधायला सांगितला तर तो कसा आणि किती वेळ बांधायचा ते विचारून घे. बाळंतिणीला आवळून बांधायची आपल्याकडे पद्धत आहे, तसा बरगड्यांपर्यंत करकचून बांधलास तर छाती फुलणारच नाही.

आता क्वचित होणाऱ्या गोष्टी. यातल्या बऱ्याचशा ऑपरेशन टेबलावर किंवा शुद्धीवर येण्याच्या खोलीतच लक्षात येतात आणि तिथेच निस्तरल्या जातात. तरी शब्द कानावरून गेलेले असले म्हणजे डॉक्टर बोलतात ते परकं वाटत नाही.

कधी कधी वायू पोटात न राहता छेदाच्या कडेने कातडीखाली शिरतो. छातीवर, मानेवर, गालावर सूज येते आणि बोटांनी दाबलं की कातडीखाली चुरमुरे असल्यासारखं चुरचुरतं. एकदा असा हात लागला की विसरत नाही. एका बाईचा गळा आणि एक डोळा सुजला तेव्हा तिची आई पलंगाशी बसून रडत होती. मी तिचा हात धरून लेकीच्या खांद्यावर ठेवला, ते चुरचुरणं तिला दाखवलं आणि सांगितलं की हा वायू रक्तात विरून जाईल. एक-दोन दिवसांत सूज उतरली. बहुतेकदा असंच होतं. सूज मानेत वाढत चालली, आवाज बदलला किंवा श्वास अडायला लागला तरच धोका, आणि अशा बाईला डॉक्टर नजरेआड होऊ देत नाहीत.

कधी वायू पडद्यातल्या एखाद्या जन्मजात बारीक छिद्रातून वर छातीत जातो आणि फुप्फुसाभोवती साठून त्याला दाबतो. अन्ननलिकेजवळच्या हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पडद्यापाशीच काम चालतं, तिथे हे होण्याची शक्यता जास्त. पुष्कळदा पोटातला दाब कमी केला की थोड्या वेळात तो वायू आपोआप शोषला जातो. फुप्फुसालाच इजा होऊन हवा गळत असेल तर मात्र छातीत नळी घालावी लागते. यातली एक हकीकत मला नेहमी आठवते. पोटात वायू भरण्यासाठी जी स्प्रिंगची सुई वापरतात, ती हंगेरीच्या यानोश वेरेश नावाच्या डॉक्टरांनी क्षयाच्या रोग्यांसाठी काढली होती. क्षयावर औषधं नव्हती, तेव्हा रोगट फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून मुद्दाम छातीत हवा भरून ते दबवत असत. 1938 साली त्यांनी या सुईची माहिती प्रसिद्ध केली. आतल्या अवयवाला टोचू नये म्हणून तिच्या टोकाशी बोथट नळी स्प्रिंगने पुढे येते. छातीसाठी घडवलेली ती सुई आज पोटाच्या ऑपरेशनात जगभर वापरतात.

याहूनही विरळा म्हणजे वायू थेट रक्तवाहिनीत शिरून हृदयापर्यंत जाणं. ते झालं तर बहुधा वायू भरायला सुरुवात करतानाच होतं. तुझ्या डोक्याशी बसलेले भूलतज्ज्ञ सगळा वेळ मॉनिटरवरची एक रेघ बघत असतात. दर उच्छ्वासात किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो ते ती दाखवते. आकडा अचानक चढला किंवा अचानक कोसळला की ते लगेच सर्जनला थांबायला सांगतात. म्हणून तारखेच्या आधी भूलतज्ज्ञांची भेट असते ना, ती कागदावर सही करून उरकायची गोष्ट समजू नकोस. तिथे पोटातलं सगळं बोल.

काय काय बोलायचं? दमा असेल, लहानपणी होऊन गेला असेल, पंप वापरत असशील तर सांग आणि पंप पिशवीत घे. रात्री मोठ्याने घोरतेस का आणि घोरता घोरता श्वास थांबतो का, हे नवऱ्याला विचारून जा, कारण ते तुला स्वतःला कळत नाही. अशा बायकांना ऑपरेशननंतर गुंगी आणणारी वेदनाशामकं जपून द्यावी लागतात. घरी आल्यावर आपल्या मनाने झोपेची गोळी मुळीच घ्यायची नाही. तंबाखू, मिश्री, काहीही असेल तर लपवू नकोस. मी कितीतरी बायकांना सुनेसमोर ‘मी काही लावत नाही’ म्हणताना ऐकलं आहे आणि मग एकटीत माझ्याजवळ कबूल करताना. डॉक्टरांना एकटीने भेटायचं असेल तर तसं सांगता येतं. वजन उतरवायची किंवा साखरेची नवी इंजेक्शनं घेत असशील तर तेही सांग, त्यांनी पोट रिकामं व्हायला उशीर लागतो.

पाळीच्या दिवसांत तुझा उजवा खांदा किंवा छाती दुखत असेल, धाप लागत असेल, तर तेही बोल. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर क्वचित श्वासपटलावर वाढतं आणि त्यात बारीक छिद्रं पाडतं. खांद्याच्या दुखण्याचा पाळीशी काय संबंध, असं वाटून बायका ते वर्षानुवर्षं सांगत नाहीत.

आणि गोळ्या. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील, किंवा गौरी-गणपतीसाठी, घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असशील, तर ऑपरेशनच्या पुरेशा आधी सांग. या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढू शकते. आपल्या बायकांना त्या औषधच वाटत नाहीत. मेडिकलमधून पाकीट आणलं, चार दिवस घेतलं, विसरलं. चालू असलेल्या गोळ्या थांबवायच्या की नाही, कधीपासून, हे डॉक्टर ठरवतील, तू फक्त लपवू नकोस.

उपाशी राहण्याचंही सोपं समजू नकोस. भुलेत पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुस भाजून निघतं. साधारणपणे अन्न सहा तास आधी बंद आणि स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत, पण तुला जी वेळ देतील तीच पाळ. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, तो अन्नातच धरायचा. पहाटे घरातून निघताना कोणी मायेने पेढ्याचा तुकडा किंवा दहीसाखर हातावर ठेवील. प्रसाद कपाळाला लाव आणि पुडीत बांधून ठेव, शुद्धीवर आल्यावर खा. आणि चुकून काही खाल्लं गेलं तर ओरडा बसेल म्हणून गप्प बसू नकोस. ऑपरेशन चार तास पुढे गेलं तर काही बिघडत नाही. नखांचं पॉलिश आदल्या दिवशीच काढून टाक, बोटाला लावायच्या चिमट्याला त्याने नीट वाचता येत नाही.

शुद्धीवर येताना घशात नळी होती म्हणून घसा खवखवेल, आवाज बसेल. एक-दोन दिवसांत निवळतं. नळी काढताना क्वचित स्वरयंत्र आवळतं, आणि बंद घशावर बाई जोर लावून श्वास ओढायला गेली की त्या ओढीने फुप्फुसात पाणी उतरतं. खोकल्यात गुलाबी फेस येतो. दिसायला भयंकर, पण वेळीच ऑक्सिजन दिला तर बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं. हे धडधाकट, तरुण माणसांतही होतं. गर्भाशयाच्या ऑपरेशनात डोकं बराच वेळ उतरतं ठेवतात, त्यात तोंडावर आणि घशात सूज येऊ शकते. श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज यायला लागला तर तिथल्या तिथे सिस्टरला हाक मारायची.

हे सगळं दवाखान्यातलं. घरी आल्यावर मला ज्याची खरी काळजी वाटते ती म्हणजे रक्ताची गुठळी. ऑपरेशनमध्ये पोटातला दाब वाढलेला, पित्ताशयासाठी डोकं वर आणि पाय खाली केलेले, त्यामुळे पायातलं रक्त रेंगाळतं. त्यात घरी आल्यावर सगळे म्हणणार, ‘तू हलू नकोस.’ पोटरीत गुठळी झाली आणि ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली, तर जिवावर बेततं. ब्रिटनमध्ये नऊ लाखांहून जास्त मध्यमवयीन बायकांचा मोठा अभ्यास झाला, 2009 साली तो प्रसिद्ध झाला. सगळ्या तऱ्हेची ऑपरेशनं त्यात होती. त्यात दिसलं की सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्याच्या ऑपरेशननंतर 12 आठवड्यांत 815 बायकांमागे एकीला पायातल्या किंवा फुप्फुसातल्या गुठळीसाठी दाखल व्हावं लागलं. दवाखान्यात मुक्काम करावा लागणाऱ्या ऑपरेशननंतर हे प्रमाण 140 मागे एक होतं. ऑपरेशनच न झालेल्या बायकांत तेवढ्याच काळात 6200 मागे एक. म्हणजे तुला होण्याची शक्यता थोडीच, पण एरवीपेक्षा बरीच जास्त. आणि सगळ्यात लक्षात ठेवायचं ते हे, की धोका तिसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त होता. तोवर टाके निघालेले असतात, तू पोळ्या लाटायला लागलेली असतेस आणि ऑपरेशनचं नावही कोणी काढत नसतं. त्या वेळी लागलेली धाप ऑपरेशनशी जोडली जात नाही. तू जोड.

म्हणून पहिल्याच दिवसापासून चालायचं. सिस्टर उठवायला आली की कुरकुर न करता उठ. घरी दर थोड्या वेळाने खोलीत फेरी मार, बसल्या बसल्या पावलं वरखाली हलव, पाणी पुरेसं पी. पोटात घ्यायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं लिहून दिली असतील तर ती ठरलेल्या दिवसापर्यंत पूर्ण कर. एक पोटरी दुसरीपेक्षा जाड, गरम, दुखरी वाटली तर कोणालाही ती चेपू देऊ नकोस, तेल लावून चोळू देऊ नकोस. सासूबाई मायेने पाय चेपायला बसतील, त्यांना समजावून सांग. चेपल्याने गुठळी सुटायची भीती असते. तशीच दवाखान्यात जा. अचानक धाप, छातीत टोचणं, खोकल्यात रक्त, चक्कर, यांतलं काहीही झालं तर उद्याची वाट बघायची नाही.

आणखी एक खूण सांगते, ती पोटाच्या आतून येते. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दर दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा गेला पाहिजे. कालच्यापेक्षा आज जास्त दुखतंय, पोट फुगलंय, ताप आहे, श्वास भराभर चालतोय, असं झालं तर आत काहीतरी बिघडलं असण्याची शक्यता धरायची. पित्त गळत असेल किंवा आतड्याला बारीक इजा झाली असेल, तर पुष्कळदा आधी श्वासाची आणि नाडीची गती वाढते, बाकीचं नंतर दिसतं. खांद्याचं दुखणं कमी व्हायच्या ऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढायला लागलं, तर तो गॅस नव्हे. घरातल्या कोणालातरी तुझा श्वास मोजायला शिकव. तू शांत बसलेली असताना, तुला न सांगता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. 12 ते 20 हे नेहमीचं. 20 च्या वर सतत राहिला तर डॉक्टरांना फोन, 25 च्या पुढे गेला तर थेट दवाखाना. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर करोनाच्या दिवसांपासून घराघरांत आहे, ते वापर. 94 च्या खाली आकडा येत असेल तर कळव. पण आकडा 97 आहे म्हणून तुझी धाप खोटी ठरत नाही. गुठळी असतानाही सुरुवातीला आकडा चांगला येऊ शकतो.

आणि एक अगदीच विरळ गोष्ट. पित्ताशय काढताना ते कधी फाटतं आणि खडे पोटात सांडतात. सर्जन ते वेचून काढतात, तरी एखादा राहून जातो. बहुतेक जणींना त्याचा जन्मभर त्रास होत नाही. पण काही थोड्या जणींत त्या खड्याभोवती पू होऊन, श्वासपटल पोखरून तो फुप्फुसापर्यंत गेल्याचं आणि महिन्यांनी, वर्षांनी खोकल्यातून चक्क पित्ताचा खडा पडल्याचं वैद्यकीय नोंदींत आहे. तुझ्या बाबतीत असं होईल म्हणून मी हे सांगत नाही. पण वर्षभराने न जाणारा खोकला किंवा उजव्या बाजूला परत परत न्यूमोनिया झाला, तर नव्या डॉक्टरांना हे ऑपरेशन झाल्याचं आवर्जून सांग. म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनचा कागद रेशन कार्डाइतकाच जपून ठेव.

आता माझं शेवटचं आणि सगळ्यात कळकळीचं. एवढी वर्षं वॉर्डात राहून मला कळलं ते असं, की बायकांना लक्षणं कळतात, पण त्या सांगत नाहीत. ‘रात्री दोन वाजता कुठे सगळ्यांना उठवू, सकाळी बघू.’ ‘मुलाची परीक्षा आहे.’ ‘परवाच एवढा खर्च झाला, आता पुन्हा काय.’ पोट दुखलं तर सकाळपर्यंत थांबता येईल एखाद वेळी. श्वासाला सकाळपर्यंत थांबवायचं नसतं. तू उठवलंस आणि काही निघालं नाही, तर सगळे पुन्हा झोपतील, एवढंच. डॉक्टरांना फोन केलास तर नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणू नकोस. ‘माझं अमक्या तारखेला दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय, मला धाप लागतेय, कधीपासून लागतेय, पडल्या पडल्याही लागतेय’ असं सरळ सांग. समोरून ‘गॅस असेल’ असं उत्तर आलं आणि तुझं मन मानत नसेल, तर ‘मला तपासून घ्यायचंय’ एवढं म्हण आणि जा. ऑपरेशन जिथे झालं तिथे पोचायला वेळ लागणार असेल तर 108 ला फोन कर, जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. उथळ बोलून, हसून वेळ मारून न्यायची सवय या महिनाभरापुरती बाजूला ठेव.

तारखेच्या आधी एक दिवस सवड काढून माझ्याकडे ये. नवऱ्यालाही आण. तीन बॉलचं यंत्र कसं ओढायचं ते तुला शिकवते आणि श्वास कसा मोजायचा ते त्याला. रात्री गाडी कोण काढणार आणि मुलांपाशी कोण राहणार, हेही त्याच दिवशी ठरवून टाकू.